माफीला दीडशे वर्षे का लागली?

१९९५ च्या जून महिन्यात अटलांटा येथे सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या अधिवेशनात एक ठराव संमत झाला. गुलामगिरीच्या समर्थनात आपल्या पूर्वसूरींचा वाटा होता, नागरी हक्कांच्या न्याय्य प्रयत्नांनाही अनेकदा पाठिंबा दिला गेला नाही आणि काही वेळा उघड विरोध झाला, अशी कबुली देऊन या ठरावाने कृष्णवर्णीयांची क्षमा मागितली. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने हे जाहीरपणे म्हणावे, ही घटना लहान नव्हे. त्या क्षमायाचनेच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचेही कारण नाही. परंतु ते वर्ष संस्थेच्या स्थापनेचे १५० वे वर्ष होते. विचार करायचा तो या दीडशे वर्षांचा.

ही संस्था मुळात जन्मली तीच गुलामगिरीच्या प्रश्नावरून. गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून नेमावे काय, असा वाद बाप्टिस्टांमध्ये उभा राहिला. उत्तरेचे वर्चस्व असलेल्या मंडळांनी नकार देताच १८४५ मध्ये दक्षिणेतील प्रतिनिधींनी जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे वेगळी चूल मांडली. मेथडिस्टांचेही तेच झाले. त्यांचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे वारसाने आणि विवाहसंबंधाने गुलाम आले होते. १८४४ च्या न्यूयॉर्क परिषदेने त्यांना पदाचे काम थांबविण्यास सांगितले आणि पंथाचे दोन तुकडे झाले.

यावरून उत्तरेकडील चर्च धुतल्या तांदळासारखे होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. फूट पडली ती साठ वर्षे माघार घेऊन झाल्यावर. १७८४ मध्ये मेथडिस्टांनी सभासदांसाठी नियम केला होता की, ठरावीक मुदतीत प्रत्येकाने आपले गुलाम मुक्त करावेत. हा नियम काही महिन्यांतच स्थगित झाला. १८०८ मध्ये तर नियमपुस्तिकेच्या एक हजार प्रती दक्षिण कॅरोलिनासाठी म्हणून वेगळ्या छापण्याचे ठरले. गुलामगिरीविषयीचा भाग त्यांतून वगळलेला होता. मळेवाले दुखावले, तर सभासद गळतील आणि गुलामांपर्यंत उपदेशकाला पोहोचूच दिले जाणार नाही, हा हिशेब होता. तो व्यवहारी होता, यात शंका नाही. पण ज्याच्या उद्धारासाठी म्हणून हा हिशेब मांडला गेला, त्या गुलामाला कोणी विचारले होते काय? कॅथलिकही मागे नव्हते. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यास कामी आला.

या व्यवहाराचा पाया फार पूर्वी घातला गेला होता. बाप्तिस्मा घेतलेला माणूस गुलाम राहू शकतो काय, हा पेच व्हर्जिनियातील मळेवाल्यांना छळत होता. १६६७ मध्ये तेथील विधिमंडळाने तो सोडविला: बाप्तिस्म्याने गुलामाच्या स्थितीत बदल होणार नाही, असा कायदाच केला. आत्म्याची मुक्ती आणि देहाचे बंधन अशी सोयीची वाटणी त्या दिवशी झाली. पुढे प्रवचनांतून संत पॉलच्या पत्रांतील धन्याची आज्ञा पाळण्याचा उपदेश गुलामांना वारंवार ऐकविला जाई. कृष्णवर्णीय विचारवंत हॉवर्ड थर्मन यांची आजी गुलामगिरीत जन्मलेली होती. तिला वाचता येत नसे, म्हणून लहानगा हॉवर्ड तिला बायबल वाचून दाखवी. पण पॉलची पत्रे, एखादा भाग सोडला तर, ती वाचू देत नसे. धन्याचा पाद्री त्याच पत्रांवर प्रवचन करी, म्हणून स्वातंत्र्य मिळाल्यास तो भाग पुन्हा ऐकायचा नाही, असा तिचा निश्चय होता. ख्रिस्तावरील श्रद्धा मात्र तिने सोडली नाही. एका निरक्षर स्त्रीने धर्म आणि धर्मसंस्था यांत केलेला हा विवेक कित्येक विद्यापीठांतील पंडितांना साधला नव्हता.

महाराष्ट्राला परिचित असलेल्या नावाचाही या इतिहासात उल्लेख येतो. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि पुढे अहमदनगरला ठाण मांडलेले अमेरिकन मराठी मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचे होते, त्याच बोर्डाच्या चेरोकी आणि चोक्टॉ जमातींतील चर्चमध्ये गुलाम बाळगणारे सभासद होते. त्यांना वगळण्यास बोर्ड तयार होईना. तेव्हा असंतुष्टांनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही स्वतंत्र संस्था काढली. यादवी युद्धानंतर मुक्त गुलामांसाठी फिस्क विद्यापीठासारख्या संस्था उभ्या केल्या त्या याच बंडखोरांनी. क्वेकरांनी तर १७७६ मध्येच गुलाम बाळगणाऱ्यांना आपल्यातून दूर करण्याचे ठरविले होते. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांत अशांचा समावेश खचितच होता. पण ते अल्पसंख्य होते आणि बहुधा मोठ्या संस्थांच्या बाहेर पडूनच त्यांना काम करावे लागले.

कृष्णवर्णीयांनाही बाहेरच पडावे लागले. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेल्या अॅब्सलम जोन्स यांना, जागा गोऱ्यांची आहे म्हणून ओढून उठविण्यात आले. प्रार्थना संपेपर्यंत तरी थांबा, ही विनंतीही मानली गेली नाही. त्यांच्यासह बाहेर पडलेल्या रिचर्ड अॅलन यांनी, जे स्वतः पैसे भरून गुलामगिरीतून सुटले होते, १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापिला. पुढे अशी चर्च हीच कृष्णवर्णीयांची शाळा, सभागृह आणि अडीअडचणीला धावणारी पेढी बनली.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण बाके वेगळीच राहिली. दुभंगलेले मेथडिस्ट १९३९ मध्ये पुन्हा एक झाले, आणि या एकीची किंमत म्हणून कृष्णवर्णीय मंडळ्यांना ‘सेंट्रल ज्युरिस्डिक्शन’ नावाच्या वेगळ्या विभागात ढकलण्यात आले. दोन भावांच्या समेटात तिसऱ्याला ओसरीवर बसविण्याचाच हा प्रकार. १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी, त्यांत एक ज्यू रब्बाय होते, निदर्शने अवेळी असल्याचे पत्रक काढले. हे वंशद्वेष्टे नव्हते. त्यांतील बहुतेकांनी जानेवारीत न्यायालयाचे आदेश पाळण्याचे आवाहन केले होते. म्हणूनच तुरुंगातून त्यांना उत्तर लिहिताना मार्टिन ल्यूथर किंग यांचा रोख उघड शत्रूपेक्षा ‘थोडे थांबा’ म्हणणाऱ्या सज्जनांवर अधिक होता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला त्याच शहरातील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार मुली मारल्या गेल्या. शेवटच्या गुन्हेगाराला शिक्षा व्हायला २००२ साल उजाडले. बॉब जोन्स या ख्रिस्ती विद्यापीठाने तर विद्यार्थ्यांच्या आंतरवंशीय प्रेमसंबंधांवरील बंदी २००० मध्ये, तीही देशभर टीका झाल्यावर उठविली.

१९३५ मध्ये थर्मन सिलोन व हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. कोलंबोत एका श्रोत्याने त्यांना गाठून विचारले: तुमच्या लोकांना गुलाम करणारे ख्रिस्ती, त्याला धर्माचा आधार देणारे ख्रिस्ती, मग तुम्ही त्या धर्मात कसे? येशूचा धर्म आणि प्रचलित ख्रिस्ती धर्म यांत भेद करून थर्मन यांनी उत्तर दिले. परंतु प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींशी त्यांची दीर्घ चर्चा झाली. १९४४ मध्ये हॉवर्ड विद्यापीठातील मानाचे पद सोडून ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि अल्फ्रेड फिस्क या गोऱ्या धर्मोपदेशकाच्या साथीने सर्व वंशांच्या लोकांचे एक चर्च त्यांनी उभे केले. मेथडिस्टांचा तो वेगळा विभाग त्यानंतर आणखी २४ वर्षे चालू होता.