अंगणात प्लग आहे, बाजारात गाडी नाही

गेले चार महिने आमच्या घरी जेवायला बसलं की एकच विषय निघतो. गाडी कोणती घ्यायची?

जुनी हॅचबॅक तेरा वर्षांची झाली. घरात पाच माणसं: अब्बा, अम्मी, आम्ही दोघं आणि मुलगी. अब्बांना दर महिन्याला तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं. बुलडाण्याहून एका बाजूचे दीडशे किलोमीटर धरा. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. खाली वाकून गाडीत बसणं आणि परत उठणं त्यांना जमत नाही. म्हणून उंच गाडी, म्हणजे एसयूव्ही, हे ठरलं. इथपर्यंत वाद नव्हता.

वाद सुरू झाला तो शारजाहून आलेल्या भाच्याच्या फोनने. ‘मामू, साधी हायब्रिड घेऊ नका, प्लग-इन घ्या. मी तीच चालवतो.’ मग मी या विषयात शिरलो. जे कळलं ते इथे मांडतो, कारण हाच प्रश्न आज चिखली, खामगाव, मेहकरच्या अनेक घरांत असणार.

आधी फरक समजून घेऊ. हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर आणि एक छोटी बॅटरी असते. ती बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक दाबताना वाया जाणाऱ्या ताकदीवर भरते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही. टोयोटाने 'प्रियस' ही अशी गाडी १९९७ साली जपानमध्ये आणली. आपल्याकडे २०२२ पासून ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या दोन गाड्यांमुळे ती मध्यमवर्गाच्या तोंडी आली. यांची बॅटरी एक युनिटसुद्धा वीज साठवत नाही, जेमतेम पाऊण युनिट. प्लग-इन हायब्रिडमध्ये मात्र दहा-वीस युनिटांची बॅटरी असते. ती घरच्या प्लगवर भरायची, रोजचे पन्नासेक किलोमीटर विजेवर जायचं आणि लांबच्या प्रवासाला पेट्रोल वापरायचं.

हा फरक मला पटला तो घाटात. चाचणीसाठी मिळालेली हायब्रिड घेऊन मी राजूर घाट उतरलो. पडद्यावर बॅटरीची पट्टी भरताना पाहून पोरासारखा आनंद झाला. पण घाट संपायच्या आतच ती भरली. पुढच्या उताराची ताकद साठवायला जागाच उरली नाही. मोठी बॅटरी असती तर पूर्ण घाट तिच्यात मावला असता.

आता हिशेब. आमचं गावातलं फिरणं रोजचं पंचवीस किलोमीटरच्या आत, म्हणजे वर्षाला ८,००० किलोमीटरच्या आसपास. दवाखाना आणि इतर लांबचा प्रवास मिळून ४,०००. एकूण १२,०००. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. साधी पेट्रोल एसयूव्ही प्रत्यक्षात लिटरला १४ किलोमीटर गेली, तर वर्षाचा खर्च ९०,००० रुपये. हायब्रिडचा कागदावरचा आकडा २७.९७ आहे, पण मी २२ च धरतो. खर्च होतो ५७,०००. बचत ३३,००० रुपये.

मला मिळालेल्या कोटेशनमध्ये साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिड सुमारे ३ लाखांनी महाग होती. म्हणजे पैसे वसूल व्हायला नऊ वर्षं, आणि हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची. बायकोने हा कागद पाहिला आणि म्हणाली, ‘नफा सुरू होतो तेव्हा वॉरंटी संपलेली असते.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी वरचे ३ लाख कर्जाने उचलले, त्यांचं तर आणखी अवघड. ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच २७,००० रुपये. पेट्रोलमधली बचत जवळजवळ तिथेच गेली. ज्या घरांत व्याजाचं कर्ज घेत नाहीत, त्यांना ही अडचण नाही, पण तेवढी रोकड आधी जमवावी लागते.

वर्षाला २४,००० किलोमीटर फिरणाऱ्यांचं चित्र वेगळं. त्यांचे पैसे साडेचार वर्षांत सुटतात. म्हणून माझं मत सरळ आहे. पंधरा हजारांच्या खाली फिरणं असेल, तर केवळ पेट्रोल वाचेल म्हणून हायब्रिड घेऊ नका.

मग भाच्याची प्लग-इन? गावातले ८,००० किलोमीटर विजेवर गेले आणि एका युनिटला पाच किलोमीटर धरले, तर वर्षाला १,६०० युनिट लागतील. घरच्या वापरात ही भर पडली की बिलाचा टप्पा चढतो, म्हणून युनिटला १४ रुपये धरू. २२,४०० रुपये झाले. हायब्रिडला त्याच अंतरासाठी ३८,००० रुपयांचं पेट्रोल लागलं असतं. म्हणजे आणखी १६,००० वाचतील. छपरावर सोलर असेल तर याहून बरेच जास्त.

पण यात एक अट आहे: प्लग रोज लावला पाहिजे. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांमधल्याच मोजणी यंत्रांवरून आकडे काढले. प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. एक मोठं कारण हेच, की लोक समजलं होतं तेवढं चार्ज करत नाहीत. मी भाच्याला विचारलं, ‘तू कुठे चार्ज करतोस?’ तो हसला. भाड्याचा फ्लॅट, नववा मजला, खाली पार्किंगमध्ये प्लग नाही. पेट्रोलवरच चालवतो. म्हणजे जड बॅटरी नुसतीच वाहून नेतो.

इथे मी थबकलो. प्लग-इन गाडीला काय लागतं? स्वतःची उभी करायची जागा, जवळ १५ अँपियरचा प्लग, रोजचं थोडं फिरणं आणि मधूनच लांबचा प्रवास. हे वर्णन मुंबईच्या टॉवरचं नाही. ते बुलडाणा, मलकापूर, देऊळगाव राजाच्या अंगणवाल्या घराचं आहे. पंचवीस किलोमीटरसाठी पाचच युनिट लागतात. साध्या प्लगवर दोन-अडीच तासांचं काम. रात्री मध्येच वीज गेली तरी सकाळपर्यंत होऊन जाईल, आणि अजिबात आली नाही तर टाकीत पेट्रोल आहेच. ऊन आपल्याकडे मुबलक आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सोलरला ७८,००० रुपयांचं अनुदानही मिळतं.

आणि नेमकी हीच गाडी आपल्याला मिळत नाही. हे लिहिताना आपल्या देशात प्लग-इन हायब्रिड म्हणजे रेंज रोव्हर, बीएमडब्ल्यू एक्सएम अशा कोटींच्या गाड्या. जगात पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली प्लग-इन चीनच्या बीवायडीने २००८ मध्ये आणली, पण आपल्या खिशाला परवडेल अशी एकही आपल्याकडे नाही.

करसुद्धा याला कारण आहे. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. हायरायडरएवढ्या हायब्रिडवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत सेससह ४३ टक्के होता, आता ४० टक्के. चार मीटरपेक्षा लांब प्लग-इनलाही तोच दर. म्हणजे रोज विजेवर फिरणारी गाडी आणि नुसतं पेट्रोल पिणारी मोठी गाडी एकाच दरात. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड आणि प्लग-इन दोन्हींचा नोंदणी कर माफ केला. कर कमी करता येतो, एवढं तर त्यातून दिसलं.

कुणी म्हणेल, मग सरळ इलेक्ट्रिकच का घेत नाही? घरात दुसरी गाडी असती तर घेतली असती. पण एकच गाडी आणि त्यात आजारी बाप. दवाखान्यातून परतताना चार्जरपाशी रांगेत थांबायची माझी तयारी नाही. इलेक्ट्रिक आणि पेट्रोल यांच्यामध्ये एक पायरी हवी. छोट्या गावांना ती सगळ्यात जास्त उपयोगी आहे, आणि तीच कुणी बांधली नाही.

शेवटी आम्ही साधी हायब्रिड बुक केली. रोख भरून, नऊ वर्षांचा हिशेब माहीत असून. आम्ही गाडी तेरा वर्षं वापरणारी माणसं आहोत, हे एक कारण. दुसरं अब्बांचं. मे महिन्यात दवाखान्याबाहेर ते गाडीतच बसून थांबतात. हायब्रिडमध्ये इंजिन बराच वेळ बंद राहूनही एसी चालतो. चाचणीच्या दिवशी ते मागे बसले, इंजिन बंद होतं, आणि त्यांनी विचारलं, ‘गाडी चालू आहे ना?’ चालू आहे म्हटल्यावर पाय पसरून डोळे मिटले. ३ लाखांचा काही भाग तिथे वसूल झाला, असं मी समजतो.

तरीही अंगणात मी १५ अँपियरचा प्लग बसवून घेतला आहे. इलेक्ट्रिशियनने विचारलं, कशासाठी? सध्या तिथे पाण्याची मोटर लावतो, म्हटलं. पुढची गाडी येईल तेव्हा बघू.