संगणकवाले का हसले?

भौतिकशास्त्राच्या तासाला वर्गात हशा पिकला की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक दारातून डोकावून पाहतात. शिस्त बिघडली असे त्यांना वाटते. मीही पुष्कळ वर्षे त्याच मताचा होतो. ते मत बदलायला एक लोकलगाडी आणि माझी स्वतःची एक फजिती कारण झाली.

१९ जुलै २०२४, शुक्रवारची संध्याकाळ. वाशीहून ठाण्याकडे जाणारी गाडी नेहमीप्रमाणे खच्चून भरलेली. कोपरखैरण्याला चार-पाच तरुण मंडळी आत शिरली. त्यांतले दोघे माझे जुने विद्यार्थी. आता महापे येथे आज्ञावल्या लिहिण्याचे काम करतात. त्या दिवशी सकाळपासून जगभर गोंधळ उडाला होता. संगणकांची राखण करणारी आज्ञावली पुरवणारी 'क्राउडस्ट्राइक' नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. तिने धाडलेली एक सुधारणा सदोष निघाली आणि विंडोजवर चालणारे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे असे संगणक सुमारे ८५ लाख होते. मुंबईसह आपल्या अनेक विमानतळांवर कर्मचाऱ्यांना प्रवाशांची कामे हाताने करावी लागली. ब्रिटनमध्ये कित्येक डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनात. आणि ही मंडळी मात्र हसत होती!

मला रागच आला. "अरे, लोक अडकून पडलेत आणि तुम्हांला हसू कसले सुचते?"

"सर, लोकांना नाही हसत, आम्ही आम्हांलाच हसतोय," त्यांतली एक म्हणाली. "शुक्रवारी नवीन काही चालू करायचं नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. जो करतो, त्याचा शनिवार-रविवार कचेरीत जातो. आम्ही सगळ्यांनी एकदा तरी घालवलाय."

दुसऱ्याने आणखी एक गंमत सांगितली. मायक्रोसॉफ्टच्या दूरस्थ केंद्रांत जे संगणक भाड्याने मिळतात, त्यांच्यासाठी एक उपाय जाहीर झाला होता : संगणक बंद करून पुन्हा चालू करा, नाही जमले तर पुन्हा करा, काहींना पंधरा वेळा करावे लागले आहे! "सर, आमच्या सोसायटीतले केबलवाले काका हेच सांगतात, तेही फुकट." पुन्हा हशा.

मी विचारले, की जे पहिल्या वेळी होत नाही ते पंधराव्या वेळी कसे होईल? तेव्हा त्याने जे सांगितले, ते ऐकताना माझे ऐरोली स्थानक मागे पडले आणि मला दिघा गावला उतरून परत यावे लागले. संगणक सुरू होताना दोन गोष्टींची शर्यत लागते. एकीकडे सदोष फाइल वाचून तो कोसळण्याच्या बेतात असतो. दुसरीकडे तारेवरून दुरुस्त फाइल येत असते, कारण कंपनीने चूक ७८ मिनिटांत मागे घेतली होती. बहुतेक वेळा कोसळणे आधी होते, पण एखादे वेळी दुरुस्ती आधी पोहोचते. म्हणजे केबलवाल्या काकांच्या सल्ल्यात या वेळी चक्क संभाव्यतेचे गणित होते.

घरी आल्यावर मी ते कागदावर मांडले. समजा, एका प्रयत्नात दुरुस्ती जिंकण्याची शक्यता पाचांत एक आहे आणि प्रत्येक शर्यत स्वतंत्र आहे. मग पंधराही वेळा हरण्याची शक्यता ०.८ चा पंधरावा घात, म्हणजे सुमारे ०.०३५. शंभरांतले शहाण्णव-सत्त्याण्णव संगणक पंधरा प्रयत्नांत उभे राहतील. (पाचांत एक हा आकडा माझा, तुम्ही दुसरा घेऊन पाहा.)

शुक्रवारच्या विनोदाचीही मी अशीच झडती घेतली. ती सुधारणा निघाली तेव्हा भारतात शुक्रवार सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. पण क्राउडस्ट्राइकचे मुख्य कार्यालय टेक्सासमधल्या ऑस्टिनला आहे, आणि तिथे तेव्हा गुरुवार रात्रीचे ११ वाजून ९ मिनिटे! पृथ्वीच्या परिवलनामुळे एक चांगला विनोद थोडा लंगडा झाला.

दोष नेमका काय होता, ते कंपनीनेच पुढच्या महिन्यात प्रसिद्ध केले. एका भागात माहितीचे २१ रकाने धरले होते, तर आज्ञावली प्रत्यक्षात २० च पुरवत होती. एकविसावा वाचायला गेल्यावर संगणकाचा हात स्मृतीतल्या भलत्याच जागी पडला. ही राखण संगणकाच्या अगदी गाभ्यात चालते, म्हणून तिच्याबरोबर सारा संगणकच कोसळला. कुंपणाच्या दहा मोकळ्या जागांना खांब अकरा लागतात, हे विसरणाऱ्या आपल्या पाचवीतल्या मुलाची आठवण व्हावी, अशी ही चूक. ती वाचून संगणकवाले पुन्हा हसले असतील. मीही हसलो, कारण आता मला ती कळली होती.

आता फजिती. सोमवारी वर्गात मी मोठ्या ऐटीत सांगितले, की अमेरिकेतली साउथवेस्ट ही विमान कंपनी त्या दिवशी वाचली, कारण तिचे संगणक अजून १९९२ सालच्या विंडोज ३.१ वर चालतात. ही बातमी मी वाचली होती. अकरावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग त्यांचं मोबाइलवरचं तिकीट कसं निघतं?" मी वेळ मारून नेली. रात्री त्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला, तर तो मिनिटभर नुसता हसत राहिला. ते थट्टेतले वाक्य होते. कुणीतरी गमतीने लिहिले, दुसऱ्याने खरे मानले, आणि फिरत फिरत ते बातम्यांत जाऊन बसले. कंपनीचे काम त्या दिवशी चालू राहिले, एवढेच खरे. मंगळवारी मी वर्गापुढे चूक कबूल केली. त्या मुलीला विंडोज ३.१ ची माहिती नव्हती. दोन गोष्टी जुळत नाहीत, एवढेच तिने पाहिले. एमएस्सी होऊन मी ते पाहिले नव्हते.

माझ्यासारखे फसलेले पूर्वीही पुष्कळ आहेत. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातल्या 'मार्क २' या गणनयंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून खाली लिहिले, की खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच घटना. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासून होती, म्हणून तर 'खराखुरा' या शब्दात गंमत. पण त्या पतंगावरूनच हा शब्द निघाला, असे आजही कितीतरी पुस्तके गंभीरपणे सांगतात. तंत्रज्ञ हसले, आणि आपण पाठ केले.

म्हणून शिक्षक मित्रांना माझे सांगणे असे, की तंत्रविज्ञानाची बातमी वर्गात आणाल तेव्हा तिच्यावर जाणकारांनी केलेला विनोदही आणा आणि विचारा : हे का हसले? बातमी नुसती वाचता येते. विनोद मात्र यंत्र कसे चालते हे कळल्याशिवाय उलगडत नाही. काही सहकारी म्हणतात, ही त्या धंद्यातल्या लोकांची आपापसांतली टवाळी, मुलांना तिचे काय? आक्षेप अगदीच खोटा नाही. काही विनोद केवळ कुचेष्टा असतात, ते मी घेत नाही. पण जो गणितापर्यंत नेतो, तो मी सोडत नाही.

यंदा मी कबुतरांचा घेतला. इंटरनेटचे तांत्रिक नियम क्रमांक घातलेल्या टिपणांतून प्रसिद्ध होतात. त्यांतले १,१४९ वे टिपण १ एप्रिल १९९० चे; त्यात संदेश कागदावर छापून कबुतराच्या पायाला बांधून कसे पाठवावेत, याचे काटेकोर नियम आहेत. वर्ग हसला. मग मी विचारले, की वाशीहून पनवेलला, हवाई अंतर सुमारे १५ किलोमीटर, ताशी ६० किलोमीटर वेगाने कबुतर ६४ गिगाबाइटचे नखाएवढे स्मृतिपत्र घेऊन उडाले, तर किती वेगाने माहिती पोहोचेल? १५ मिनिटे म्हणजे ९०० सेकंद. ५१,२०० कोटी बिटांना ९०० ने भागा. सेकंदाला सुमारे ५७ कोटी बिट! घरोघरच्या बहुतेक जोडण्या याच्या आसपासही नसतात. पण पहिला बिट पोहोचायलाच पाव तास लागतो. माहितीचा ओघ आणि तिला होणारा विलंब या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी फळ्यावर लिहावे लागले नाही.

शेवटी सांगितले, की २८ एप्रिल २००१ रोजी नॉर्वेतल्या बर्गन शहरी काही हौशी मंडळींनी हा प्रयोग खरोखर केला. नऊ संदेश सोडले, चारांचीच उत्तरे आली. सर्वांत जलद उत्तरालाही पाऊण तासाहून अधिक वेळ लागला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, उरलेल्या पाचांची वाट किती वेळ पाहायची, हे कोण ठरवतं?"

तो प्रश्न खऱ्या इंटरनेटलाही पडतो. पुढचा तास त्यातच गेला.