ओळख आणि ओळखपत्र

आमच्या महाविद्यालयात मध्यंतरी समाजमाध्यमांविषयी एक कार्यशाळा झाली. वाङ्मय मंडळाच्या पानाला मिळणारा प्रतिसाद कसा वाढवावा, हा तिचा विषय. 'एंगेजमेंट' म्हणजे साखरपुडा, एवढेच ठाऊक असलेल्या आम्हा मराठी विभागातल्या मंडळींना मार्गदर्शकांनी त्या शब्दाचा नवा अर्थ सांगितला : मजकुरापाशी लोकांनी थांबणे, बोट दाबणे, मत नोंदवणे, तो पुढे धाडणे. मग मूलमंत्र दिला : आधी आपल्या 'ऑडियन्स'ची 'आयडेंटिटी' जाणून घ्या आणि तिला रुचेल तेच द्या. शेवटी आमच्याकडून एक तक्ता भरून घेतला. वय, शहर, शिक्षण, कशाचा अभिमान, कशाचा राग. तक्ता संपला तेव्हा आमचा वाचक सिद्ध झाला होता : शहरी, पदवीधर, शुद्ध मराठीचा अभिमानी आणि मराठीच्या दुरवस्थेने व्यथित.

पुढच्याच आठवड्यात द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीची कविता आली. हंड्यांच्या खेपांवरची. तीत 'पानी' हा शब्द सात वेळा होता. विद्यार्थी-संपादकांनी कविता परत केली. 'पाणी' असे करून दे, म्हणाले. आपल्या ऑडियन्सला हे खटकेल. मुलीने वाद घातला नाही. कविता घेऊन ती निघून गेली.

या प्रसंगाने आम्हांला जे बोलायला भाग पाडले, ते स्पष्टच बोलले पाहिजे. वाचक जाणून घेण्याच्या नावाखाली आज जे शिकवले जाते, त्यात वाचकाची ओळख होत नाही; त्याचे ओळखपत्र तेवढे तयार होते. ओळख व्हायला दोन माणसे लागतात आणि वेळ लागतो. ती वाढते, बदलते, प्रसंगी तुटतेही. ओळखपत्र मात्र एकाने दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायचे असते आणि त्यावरचे छायाचित्र नेहमीच जुने असते.

यावर मिळणारे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. 'तुम्ही प्राध्यापक एकमेकांसाठी लिहिता, म्हणून तुम्हांला कोणी वाचत नाही.' या आरोपात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. श्रोत्याचे भान नसलेला वक्ता आपल्या परंपरेलाही मान्य नाही. नारदीय कीर्तनकार समोरची मंडळी पाहूनच उत्तररंगाचे आख्यान निवडतो, दृष्टान्त बदलतो, पद आवरते घेतो. परंतु पूर्वरंगात जे निरूपण मांडायचे, ते श्रोत्यांना गोड लागावे म्हणून तो उलटे करीत नाही. कसे सांगावे, हे श्रोत्याकडून शिकायचे असते. काय सांगावे, हेही त्यालाच विचारू लागलो तर सांगणाऱ्याची गरजच उरत नाही.

शिवाय ही जी 'आयडेंटिटी' मोजली जाते, ती कशावरून? माणूस कशावर पटकन प्रतिक्रिया देतो, यावरून. फेसबुकने 2017 पासून मजकुराचा क्रम लावताना भावचिन्हांना साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन दिले होते, हे 2021 मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून जगाला कळले. संतापलेल्या चेहऱ्याचे वजन 2020 मध्ये कंपनीला शून्यावर आणावे लागले होते. म्हणजे मधली वर्षे माणसाचा राग हा त्याच्या पसंतीपेक्षा मोलाचा पुरावा मानला गेला. आपल्याकडे राग कशावर पटकन येतो, हे सांगायला नको. जात, प्रांत, पुणे-मुंबई, आणि 'न'चा 'ण'. एखाद्याच्या 'आनि-पानी'ची टर उडवा, प्रतिसादाला तोटा नाही. एखाद्या नव्या काव्यसंग्रहावर मन लावून लिहा, दहा-बारा जण फिरकतील. या आकड्यांवरून वाचक ठरवायचा म्हणजे माणसाची पारख त्याच्या शिव्यांवरून करण्यासारखे आहे.

मराठी नियतकालिकांचा इतिहास या मूलमंत्राच्या नेमका विरुद्ध साक्ष देतो. 'केसरी'चे संपादकपद 1887 मध्ये सोडून आगरकरांनी पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, तो पुण्यातल्या सनातन्यांना रुचेल म्हणून नव्हे. त्या पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. र. धों. कर्वे यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. गणिताचे हे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गेली. 1927 च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. तेव्हा त्यांनी वाचकाचा तक्ता भरला असता, तर अंक निघालाच नसता. कारण लैंगिक शिक्षण हवे असे उघडपणे म्हणणारा वाचक त्या तक्त्यात सापडलाच नसता. पण वाचकांचे प्रश्न येऊ लागले, कर्वे त्यांना उत्तरे देऊ लागले. अशाच उत्तरांवरून खटला झाला, 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले आणि तरीही शिक्षा झाली. मासिक मात्र 1953 पर्यंत, कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, चालू राहिले. तो वाचक आधी अस्तित्वात होता की मासिकाने घडवला? दोन्ही. प्रश्न त्याच्या मनात होता. तो विचारता येतो, हे त्याला त्या अंकाने कळवले. कोणत्याही आकडेवारीत दिसू शकत नाही तो हाच वाचक.

आता दोष केवळ त्या मार्गदर्शकांवर ढकलून आम्हांला मोकळे होता येणार नाही. तक्ता भरणारे हात आमचे होते. 'शुद्ध मराठीचा अभिमानी' हे शब्द आम्हीच लिहिले, आणि 'पानी'खाली लाल रेघ ओढून गुण कापायला त्या विद्यार्थी-संपादकांना आम्हीच शिकवले. समाजमाध्यमांनी आमच्या त्या रेघेला फक्त आकड्यांचा आधार दिला. जिच्या घरात 'पानी' म्हणतात ती आमच्याच वर्गात बसते, आमचेच व्याख्यान लिहून घेते. आणि आमच्या वाचकांत तिची गणना करायला आम्ही विसरलो.

आम्ही तिला शोधून काढले, क्षमा मागितली आणि कविता मागितली. ती पानावर लावू का, असे विचारले तेव्हा तिने नकार दिला. लोक खाली काय लिहितील, ते तिला ठाऊक होते. ग्रंथालयाच्या दाराजवळच्या भित्तिपत्रकाला मात्र ती तयार झाली. सातही 'पानी' जागच्या जागी ठेवून कविता लागली. तिसऱ्या दिवशी तिच्याखाली कोणी तरी पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते : 'आमच्याकडं बी.'