घरगुती विज्ञान : मोटारींतील मंद्र नाद

आमच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एका वस्तूविषयीं वारंवार पृच्छा होऊं लागली आहे. ती वस्तु म्हणजे मोटारींतील सबवूफर वाजविणारा आटोपशीर अँप्लिफायर. पत्रें लिहिणारे बहुधा घरांतील कर्ते पुरुष असतात, आणि सर्वांच्या पत्रांचा भावार्थ एकच असतो. तरुण मंडळी या यंत्राचा हट्ट धरून बसली आहेत, वडील मंडळींस त्यांत गोंगाटापलीकडे कांहीं दिसत नाहीं. तेव्हां तें घ्यावें कीं न घ्यावें? प्रश्न लहान खरा. परंतु एकत्र कुटुंबांत गाडी एक आणि कान पुष्कळ असतात, म्हणून त्याचा विचार नीट झाला पाहिजे. कवठे येमाई येथील आमच्या घरच्या गाडींत असें एक यंत्र गेले तीन महिने पुढच्या आसनाखालीं बसविलेलें आहे. त्यामुळें पुस्तकी माहितीस अनुभवाची जोड देऊन हा परामर्श घेणें आम्हांस शक्य झालें.

प्रथम या साधनाचें काम काय तें पाहूं. मनुष्याच्या कानास सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचे नाद ऐकूं येतात. पैकीं अगदीं तळचे, म्हणजे सुमारें २० ते ८० किंवा १०० कंपनांचे नाद तेवढे वाजविणारा जो मोठ्या पडद्याचा ध्वनिक्षेपक, तो सबवूफर. नादाची अशी वांटणी आपल्या शास्त्रास नवीन नाहीं. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचला. त्यांत मंद्र नादाचें स्थान हृदय, मध्याचें कंठ आणि ताराचें मूर्धा असें सांगितलें असून, प्रत्येक पुढचा नाद मागल्याच्या दुप्पट म्हटला आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा घुमारा कानाइतकाच छातींत जाणवतो, हा अनुभव कीर्तनास बसणाऱ्या प्रत्येकास आहे.

गाडीच्या दारांतून बसविलेले ध्वनिक्षेपक लहान असतात. मंद्र नाद उठविण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते; तें काम त्यांच्याकडून होत नाहीं. शिवाय इंजिनाची घरघर आणि चाकांचा रस्त्यावरील आवाज हेही बव्हंशीं तळच्याच पट्ट्यांतले असल्यामुळें, जो थोडाबहुत मंद्र नाद निघतो तोही त्यांत बुडून जातो. अभंग चालला आहे, टाळ ऐकूं येतात, आणि पखवाज मात्र टिचकी मारल्यासारखा वाजतो, याचें कारण हेंच. तेव्हां तरुणांची तक्रार हें निव्वळ खूळ नव्हे, एवढें वडील मंडळींनीं मान्य करावें.

आतां यंत्राच्या लहानपणाविषयीं. वीसपंचवीस वर्षांपूर्वीं असा अँप्लिफायर म्हणजे डिकींतील एक मोठी जड पेटी असे. आज तो एखाद्या पोथीएवढा झाला आहे. हें कसें घडलें, याचा दृष्टांत आमच्या गांवच्या शेतांतच मिळतो. कांद्याच्या वाफ्यांना पाणी देतांना दारें धरणारा मनुष्य लागतो. समजा, त्यानें दार अर्धवट उघडें ठेवून पाणी कमीजास्त केलें, तर अडलेल्या पाण्याचा जोर दारावरच खर्च होतो. जुन्या पद्धतीचा अँप्लिफायर विजेच्या बाबतींत असेंच करीत असतो, आणि अडलेली शक्ति उष्णता होऊन वायां जाते. 'बी' वर्गाच्या यंत्रास गणितानें शेंकडा ७८.५ याहून अधिक कार्यक्षमता गांठतां येत नाहीं. व्यवहारांत ती पुष्कळच कमी भरते. 'डी' वर्गाच्या नव्या यंत्रांत दार एक तर पूर्ण उघडें किंवा पूर्ण मिटलेलें असतें. मात्र ही उघडझांप सेकंदाला लाखांच्या घरांत होते. दार किती वेळ उघडें आणि किती वेळ बंद, या प्रमाणावर पाण्याचा ओघ ठरतो. दारावर जोर अडत नसल्यामुळें शेंकडा ८० ते ९० शक्ति कामास येते, उष्णता थोडी होते, आणि ती घालविण्यासाठीं लागणारें पंखांचें जड ॲल्युमिनियम वांचतें. यंत्राचा आकार लहान होतो तो यामुळें.

ही कल्पना आजची नाहीं. इंग्लंडांत क्लाईव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें १९६४ सालींच 'एक्स-१०' या नांवानें असा अँप्लिफायर जुळणीसाठीं विकावयास काढला होता. परंतु त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या जलद उघडझांपेस पुरे पडत नव्हते. आज ती अडचण उरलेली नाहीं. त्यांतही सबवूफरचे नाद अगदीं तळचे आणि यंत्राची उघडझांप अतिशय वरची. दोहोंत अंतर मोठें असल्यानें एकापासून दुसरें गाळून काढणें सोपें जातें. म्हणून या कामास हा वर्ग विशेष शोभतो. जातां जातां हेंही सांगून ठेवूं कीं, 'डी' म्हणजे डिजिटल असा जो समज आहे तो खरा नाहीं. ए, बी, सी यांच्या पुढचें अक्षर एवढाच त्याचा अर्थ.

खोक्यावरील आंकडा हा या व्यवहारांतील खरा मायामृग होय. तेथें '१००० वॅट' असें ठळक छापलेलें असतें. घरांतील इयत्ता आठवीच्या मुलासही त्याची परीक्षा करतां येईल. समजा, यंत्रावर ३० अँपिअरची फ्यूज आहे. इंजिन चालू असतांना सुमारें १४.४ व्होल्टचा दाब मिळतो. ३० ला १४.४ नें गुणिलें असतां ४३२ वॅट होतात. यंत्रांत शिरणारी शक्तिच एवढी. पैकीं शेंकडा ८५ बाहेर आली असें धरलें तरी सुमारें ३६७ वॅट हातीं लागतात. फ्यूज क्षणिक अधिक भार सोसते, यंत्रांतील कपॅसिटरांतही थोडा सांठा असतो, हें खरें. पण सतत मिळणारी शक्ति याहून फारशी अधिक असणार नाहीं. म्हणून ग्राहकानें 'आरएमएस' हा आंकडा पाहावा, आणि तो सीटीए-२००६ या मानकानुसार दिला आहे किंवा काय हें विचारावें. या मानकांत १४.४ व्होल्ट दाब, ४ ओहमचा भार आणि शेंकडा १ याहून अधिक नसलेली विकृति, अशा अटींवर शक्ति मोजतात. जो दुकानदार हा प्रश्न टाळतो, त्याच्या दुकानीं फार वेळ थांबूं नये.

तरीही मनांत शंका येते कीं, ३०० वॅट पुरे होतील काय? दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. शक्ति दुप्पट केली तर आवाज अवघा ३ डेसिबलनें वाढतो, आणि तो कानास दुप्पट वाटावयाचा तर शक्ति सुमारें दसपट करावी लागते. ३०० ऐवजीं ६०० वॅटचें यंत्र घेणारा मनुष्य पैसे पुष्कळ अधिक देतो, आणि फरक जेमतेम ऐकतो. शिवाय गाडीची खोली स्वतःच मंद्र नादास साहाय्य करते. सेकंदाला ५० कंपनांच्या नादाची लाट सुमारें ७ मीटर लांब असते, म्हणजे गाडीच्या आंतील जागेहून मोठी. त्यामुळें आंतील सर्व हवा एकदम दबते व सुटते, आणि थोड्या शक्तींत भरीव नाद मिळतो. मोकळ्या अंगणांत जें यंत्र दुबळें ठरेल, तें बंद गाडींत पुरेसें होतें.

या यंत्राची खरी परीक्षा आमच्या घरीं झाली ती मात्र आंकड्यांनीं नव्हे. आमच्या मातोश्रींचें वय पंचाऐंशीच्या पुढें आहे. शिरूरकडे जातांना त्या मागील आसनावर बसल्या होत्या आणि अभंग चालला होता. पखवाज असा भरून आलेला त्यांनीं गाडींत प्रथमच ऐकला, आणि त्या प्रसन्न झाल्या. तेवढ्यानें आमच्या पुतण्यास उत्साह येऊन त्यानें मंद्राची खुंटी आणखी फिरविली. थोड्या वेळानें मातोश्री म्हणाल्या, "अरे, मृदंग झकास वाजतोय, पण बुवा म्हणतायत काय, तेंच कळेनासं झालंय."

"आजी, गाण्याचा आवाज मीं कमी केलेला नाहीं," पुतण्या म्हणाला.

तें खरें होतें, आणि मातोश्रींचें म्हणणेंही खरें होतें. वार्धक्यांत श्रवणशक्ति प्रथम वरच्या नादांपासून क्षीण होत जाते. आणि स, श, त, फ अशा व्यंजनांची ओळख त्या वरच्या पट्ट्यांतच असते. दुसरें असें कीं, मोठा मंद्र नाद आपल्या वरच्या नादांस झांकून टाकतो. वरचा नाद खालच्यास तितका झांकीत नाहीं. तरुणाच्या कानास जो शब्द अद्याप ऐकूं येत होता, तो वृद्धेच्या कानापर्यंत पोंचतच नव्हता. मग पुतण्यानें खुंटी हळूहळू उलट फिरविली. ज्या ठिकाणीं मातोश्री अभंगाचे शब्द बरोबरीनें म्हणूं लागल्या, त्या ठिकाणीं त्यानें खडूची रेघ ओढली. ती रेघ खुंटीच्या एकतृतीयांशापाशीं आली. यंत्राचा उरलेला दोनतृतीयांश जोर आम्हांस आजवर लागलेला नाहीं.

हाच नियम आम्ही वाचकांस सुचवितों. गाडींत वयानें जें सर्वांत वडील माणूस असेल, त्याला शब्द कळले पाहिजेत. तेथें मंद्राची मर्यादा संपली. ही मर्यादा केवळ सौजन्याची नाहीं, सुरक्षिततेचीही आहे. जो नाद गाण्याच्या शब्दांस झांकतो, तोच मागून येणाऱ्या गाडीच्या भोंग्यासही झांकूं शकतो. उसाच्या हंगामांत भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दुचाक्या आणि शाळेचीं मुलें यांतून आमच्याकडे वाट काढावी लागते. तेथें चालकाचा कान मोकळा नसेल तर त्याची किंमत दुसऱ्या कोणास मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास सोसतो, ९० डेसिबलचा अवघे ४ तास. कानाची गेलेली शक्ति कोणत्याही अँप्लिफायरानें परत येत नाहीं.

बसविण्याविषयीं चार सूचना. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर बॅटरीपासून दीड फुटाच्या आंत स्वतंत्र फ्यूज असलीच पाहिजे. तार कोठें घांसून उघडी पडली तर आगीपासून रक्षण करते ती हीच. तार पुरेशी जाड व शुद्ध तांब्याची असावी. अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यास घट्ट बसवावी. यंत्र किती ओहमपर्यंतचा भार सोसतें हें पाहून वूफर जोडावा. ४ ओहमचीं दोन वेटोळीं समांतर जोडलीं तर २ ओहम होतात, एकामागें एक जोडलीं तर ८. कंपनीनें दिलेला रेडिओ बदलावयाचा नसेल, तर त्याच्या ध्वनिक्षेपकांच्या तारांवरूनच संकेत घेणारें यंत्र निवडावें. मात्र तारा तोडण्यापूर्वीं गाडीच्या हमीस बाध येतो कीं काय हें विचारून घ्यावें. खालचे नाद तेवढे पुढें सोडणारी मर्यादा ८० कंपनांच्या आसपास ठेवावी, आणि 'बास बूस्ट' नांवाच्या कळीस हात लावूं नये. इंजिन बंद ठेवून तासन् तास वाजवूं नये, हें वेगळें सांगावयास नको. यंत्र सरासरी ८ अँपिअर ओढीत असेल तर दोन तासांत १६ अँपिअर-तास खर्च होतात; लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळजवळ अर्धा सांठा होय. मग लग्नघरून निघतांना पाहुण्यांस गाडी ढकलावी लागते.

शेवटचा विचार शेजाऱ्यांचा. मंद्र नाद भिंतींस जुमानीत नाहीं. गाडींतलें गाणें बाहेर ऐकूं येत नाहीं, पण त्याचा ठोका माजघरांत पोंचतो. मिरवणुकींतील प्रचंड ध्वनिक्षेपकांच्या भिंतीस आपल्याकडे 'डॉल्बी' म्हणतात. वस्तुतः रे डॉल्बी यांनीं १९६५ सालीं लंडनमध्यें काढलेली प्रयोगशाळा प्रसिद्ध झाली ती ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळें. नको असलेला आवाज घालविणाऱ्या गृहस्थाचें नांव आपण गोंगाटास द्यावें, ही विपरीत गोष्ट होय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या आसपास ती आणखी कमी आहे. आमचें गांव नादास पारखें नाहीं. वग आणि लावण्या लिहिणारे, २०२१ सालीं दिवंगत झालेले बशीर मोमीन कवठेकर याच गांवचे. तमाशाच्या फडांत ढोलकी कितीही रंगली तरी लावणीचा शब्द तिच्याखालीं दडपला जाऊं नये, हा दंडक जाणत्या ढोलकीवाल्यास शिकवावा लागत नाहीं.

तेव्हां आमचा निर्णय असा. शब्दांस पाठीवर घेऊन चालणारा मंद्र नाद हवा असेल, तर 'डी' वर्गाचा, प्रामाणिक २०० ते ३०० वॅटचा लहान अँप्लिफायर अवश्य घ्यावा. वस्तु चांगली आहे, जागा अडवीत नाहीं, वीज थोडी खाते. घेण्यापूर्वीं फ्यूजचें गणित तरुणांकडूनच करवावें, आणि बसविल्यावर खुंटीची मर्यादा घरांतील वृद्धांकडून ठरवून घ्यावी. असें केल्यास दोन्ही पिढ्या एका गाडींत सुखानें बसतील.

पुढील अंकीं पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रांचा परामर्श घेण्याचा विचार आहे.