पाणथळीची सीमा कोणी आखावी?

सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२४ रोजी सर्व राज्यांना पाणथळ जागांची प्रत्यक्ष पडताळणी व सीमानिश्चिती शक्यतो तीन महिन्यांत पूर्ण करण्याचा आदेश दिला. ‘इस्रो’च्या अहमदाबाद येथील केंद्राने उपग्रहाच्या साहाय्याने देशात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या अशा २,३१,१९५ जागा नोंदल्या आहेत. रायगडच्या किनाऱ्यावरील कोळी व शेतकरी बांधवांसाठी कळीचा प्रश्न हा, की त्यांची सीमा आखणार कोण?

उपग्रहाचा नकाशा १:५०,००० या प्रमाणाचा असतो. सव्वादोन हेक्टरांची चौरस जागा त्यावर जेमतेम तीन मिलिमीटर रुंद दिसते. त्याहून लहान जागेचा केवळ ठिपका उरतो. म्हणून जागेवर जाणाऱ्या सर्वेक्षकाचा शब्द निर्णायक ठरतो. २०१७ च्या नियमांनी भातखाचरे व मिठागरे पाणथळीच्या व्याख्येतून वगळली आहेत. एखाद्या खाजणाला तो काय म्हणतो, यावर त्याचे भवितव्य अवलंबून राहते. उरणजवळील पाणजे येथे भरतीच्या वाटा अडविल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. पाणी अडले की जमीन सुकते आणि पाहणीच्या दिवशी ती कोरडीच दिसते.

आपल्याकडे पाणथळ आखणाऱ्या व्यक्तीसाठी स्वतंत्र परवाना नाही. प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल भारतीय गुणवत्ता परिषदेच्या ‘नॅबेट’ मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागार संस्था तयार करतात; ही मान्यता संस्थेला असते आणि शुल्क प्रकल्प उभारणाराच देतो. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मात्र शासन पाणथळ-तज्ज्ञाला व्यक्तिशः प्रमाणित करते व तो नकाशावर स्वतःचा शिक्का उमटवतो. चूक झाली तर जाब कोणाला विचारावा, हे तेथे स्पष्ट असते.

तरीही प्रमाणपत्र ज्ञानाची ग्वाही देते, निःपक्षपातीपणाची नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात असे मूल्यमापन आर्थिक व राजकीय दबावापासून मुक्त असावे आणि त्यात स्थानिक जनतेला विशेष स्थान असावे, असे प्रतिपादन केले आहे. उधाणाचे पाणी कोठवर चढते व कोणती उघाडी केव्हा बंद झाली, हे गावातील वृद्धांना ठाऊक असते. त्यांची साक्ष नकाशासोबत नोंदवली जावी, सर्वेक्षकाचे नाव व त्याचे शुल्क देणाऱ्याचे नाव जाहीर व्हावे, ही मागणी ग्रामसभेत करणे आपल्या हाती आहे. एकदा भराव पडला की नकाशा दुरुस्त करता येतो, खाडी नाही.