विश्लेषण : गंजलेली चासी दुरुस्त केली, तर गाडी ‘व्हिंटेज’ राहते का?

पन्नाशी ओलांडलेली जीप किंवा फियाट वरून कितीही चकचकीत दिसू द्या, तिची खरी तब्येत खालूनच कळते. गाडी लिफ्टवर चढवायची आणि चासीवर हलक्या हाताने हातोडी मारायची. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. सडलेलं बद्द वाजतं आणि गंजाचे पापुद्रे खाली पडतात.

इथे मालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. गाडी सुरक्षित कशी करायची? आणि ती करताना तिचा व्हिंटेज दर्जा कसा टिकवायचा?

नियम काय सांगतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या दुचाकी आणि मोटारी तिच्यात बसतात. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि पुनर्नोंदणीचं शुल्क ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

कळीची अट मात्र वेगळी आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरबदल झालेला नसावा. दुरुस्ती कुठे संपते आणि फेरबदल कुठे सुरू होतो, हे या अटीच्या शब्दांतून कळत नाही.

चासी गंजते कशी?

जुन्या जीपची चासी शिडीसारखी असते. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. फियाट ११०० किंवा अॅम्बॅसेडरला अशी सुटी चासी नसते. तिथे फ्लोअर, दाराखालचे पोकळ भाग आणि बॉडी मिळूनच सांगाडा बनतो.

दोन्हींचा शत्रू एकच : पोकळ भागात अडकलेला चिखल आणि ओल. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज आणखी वेगाने चढतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे जोड फुगून उघडतात. बाहेर भोक दिसेपर्यंत आतला पत्रा बराच पातळ झालेला असतो.

दुरुस्ती कशी होते?

गंज वरवरचा असेल तर सँडब्लास्टिंग, प्रायमर, रंग आणि पोकळ भागात मेणाचा थर पुरतो. पत्रा सडला असेल तर चांगलं लोखंड लागेपर्यंत तो कापावा लागतो आणि तेवढ्याच जाडीचा, त्याच आकाराचा तुकडा वेल्ड करावा लागतो.

कापण्याआधी तिरकी मापं घ्यायची आणि दारांच्या जागी आधार लावायचा. नाहीतर बॉडी बसते आणि नंतर दारं लागत नाहीत. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधी बाहेर काढायची.

सडलेल्या पत्र्यावरच पॅच मारणं किंवा पुट्टी भरणं ही दुरुस्ती नव्हे. आत ओल कोंडते, गंज चालूच राहतो आणि स्प्रिंग किंवा स्टिअरिंगजवळचा जोड धावत्या गाडीत तुटू शकतो.

मग मूळपणाचं काय?

त्याच जागी, त्याच जाडीचा, त्याच आकाराचा तुकडा बसवला तर गाडीची रचना बदलत नाही. तिला फेरबदल म्हणणं अन्यायाचं ठरेल. अख्खी चासी बदलणं वेगळं, कारण गाडीची ओळख असलेला चासी नंबरच त्यासोबत जातो.

ब्रिटनने ऑगस्ट २०२५ मध्ये हा फरक मान्य केला. तिथे जशास तशी दुरुस्ती असेल, तर गाडीची मूळ ओळख कायम राहते. आपल्याकडेही असा खुलासा हवा. नाहीतर प्रामाणिकपणे पत्रा कापणाऱ्याला धाकधूक राहील आणि पुट्टीखाली गंज लपवणारा निवांत असेल.

मालकाने काय करावं?

कामाआधीचे, कापतानाचे आणि नंतरचे फोटो ठेवा. मापं आणि पत्र्याची जाडी लिहून ठेवा, बिलं सांभाळा. चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर लावू देऊ नका. नंबराचाच भाग सडला असेल, तर आधी आरटीओकडे लेखी विचारणा करा, मगच कापा.