डार्ट्सचा बोर्ड विरंगुळा केंद्रात का नको?

आमच्या मजल्यावरचे काका खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले, त्याला नऊ वर्षं झाली. काकू गेल्यापासून ते दुपारी चारला गॅलरीत येऊन बसतात आणि दिवे लागले की आत जातात. गेल्या महिन्यात नातवाने वाढदिवसाची पार्टी खडकीतल्याच एका मनोरंजन केंद्रात ठेवली. शेजारी म्हणून मीही गेलो. पूल टेबल, व्हिडिओ गेम, कान किटवणारं संगीत आणि एका कोपऱ्यात डार्ट्सचे दोन बोर्ड. काका आधी खुर्चीतून हलेनात. नातवाने हातात तीन बाण दिले तेव्हा नाइलाजाने उठले. तासाभराने पाहतो तर ५०१ मधून होणारी वजाबाकी स्क्रीनच्या आधी त्यांच्या तोंडून येत होती आणि समोरच्या कॉलेजच्या मुलांना ते "अरे, एकोणीसकडे जा, वीसच्या नादी लागू नकोस" असं बजावत होते. नऊ वर्षांत मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. या खेळाने आरोग्याचं नेमकं काय भलं होतं? आणि होत असेल, तर तो बहुतेक ठिकाणी दारूच्या टेबलाशेजारीच का?

आधी जे होत नाही ते सांगतो. डार्ट्स म्हणजे व्यायाम नव्हे. बाण फेकायची रेषा बोर्डापासून २.३७ मीटरवर असते. एका संध्याकाळी साठ वेळा बाण काढायला गेलात आणि परत आलात तरी चालणं होतं सुमारे २८५ मीटर. एवढं तर भाजी आणायला जाताना होतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. त्या हिशेबात डार्ट्स धरू नका. 'डार्ट्स खेळा, स्मृतिभ्रंश टाळा' असा संदेश कुणी पाठवला तर तो पुढे ढकलू नका, हीही विनंती.

मेंदूला काम मात्र मिळतं. बोर्डावर वीसच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला पाच आहे. हव्यास केला आणि हात जरा चुकला की शिक्षा ठरलेली. काका मुलांना तेच सांगत होते. पाचशे एकवरून खाली यायचं आणि शेवटचा बाण डबलच्या अरुंद पट्ट्यात लागला तरच डाव संपतो. म्हणून जाणकार ३२ वर यायला बघतात. सोळाचा डबल लागला तर जिंकलात; चुकून एकेरी सोळा लागला तर सोळा उरतात, मग आठचा डबल; तोही एकेरी लागला तर चारचा डबल. निम्मे-निम्मे करत शेवटपर्यंत वाट उरते. ही आकडेमोड बोलता बोलता, हसता हसता होते, हे महत्त्वाचं.

नेमाबद्दलही विज्ञानाने बरंच शोधलं आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला, त्यात डार्ट्सही होते. कुशल खेळाडूची नजर हालचाल सुरू होण्याआधी एका बिंदूवर स्थिर होते आणि तिथे जास्त वेळ टिकते. नवख्याची भिरभिरते. दुसरी गोष्ट, आपला कोपर कसा वळतोय यावर लक्ष देण्यापेक्षा लक्ष्यावर लक्ष दिलं तर हात सहसा अधिक अचूक चालतो. गोट्या खेळलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि हात स्थिर असण्याचं मोल इतकं, की बीटा ब्लॉकर गटातली औषधं डार्ट्सच्या स्पर्धांत निषिद्ध आहेत. (रक्तदाबासाठी ती घेत असाल तर कृपया त्यासाठी बंद करू नका. आपली स्पर्धा शेजाऱ्याशी आहे.)

पण माझ्या मते खरं औषध बाणात नाही, पाळीत आहे. तीन बाण फेकून झाले की बाजूला व्हायचं, दुसऱ्याचा खेळ बघायचा, टोमणा मारायचा, पुन्हा उभं राहायचं. अनोळखी माणसाशी बोलायला यापेक्षा सोपं निमित्त नाही. २०१० साली ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं, त्यात तीन लाखांवर माणसं होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली. हे अभ्यास निरीक्षणाचे, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सरळ रेघ ओढता येत नाही; आजारी माणूसही एकटा पडतोच. तरी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्याच्याशी वर्षाला आठ लाख सत्तर हजारांवर मृत्यू जोडलेले आहेत, असा अंदाज दिला. गॅलरीतल्या काकांकडे मी आता त्या नजरेने पाहतो.

मग अडचण जागेची. त्या केंद्रातल्या संगीतात काकांना बोललेलं अर्धं ऐकू येत नव्हतं. कान मंदावलेल्या माणसाला गोंगाटात शब्द वेगळे काढणं फार कठीण जातं. आणि दारू. डार्ट्स इंग्लंडच्या पबमध्ये वाढला, म्हणून पेला त्याच्याबरोबर आला, एवढंच. व्यावसायिक खेळाडूंनीही मंचावरचं पिणं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सोडलं. दारूची कोणतीच मात्रा आरोग्याला निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गंमत जमवायला आधी ग्लास लागतो, ही समजूत काकांनी लिंबू सरबतावर मोडून काढली.

छावणीतला खेळ गल्लीत येण्याचा पुण्याला सराव आहे. १८७३ च्या सुमारास इथे इंग्रज अधिकाऱ्यांनी बॅडमिंटनचे नियम बांधले, आज तो सोसायटीच्या आवारात खेळला जातो. खडकीजवळ तर याहून मोठा धडा आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून इथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालतं. अशा रुग्णांच्या उपचारात खेळ आणले ते डॉक्टर लुडविग गुटमन यांनी, इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात. १९४८ मध्ये तिथे व्हीलचेअरवरच्या सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. पुढे डार्ट्सच्या बोर्डासारख्या लक्ष्यावर धनुष्याने बाण मारण्याचा 'डार्चरी' नावाचा खेळ १९६० ते १९८० पर्यंतच्या पॅरालिम्पिकमध्ये होता. धडाचा तोल आणि हातांची ताकद हवी म्हणून तिरंदाजी, आणि माणसांत परत यायला स्पर्धा, अशी ती जोडणी होती.

म्हणूनच मला वाटतं, महापालिकेच्या विरंगुळा केंद्रांत कॅरमशेजारी डार्ट्सचा एक बोर्ड लागावा, सोसायट्यांच्या सभागृहांतही. बोर्डाचा मध्य उभ्याने खेळणाऱ्यांसाठी १.७३ मीटरवर असतो, व्हीलचेअरवरून खेळणाऱ्यांसाठी १.३७ मीटरवर. भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या की दोघांची सोय झाली. बायकांनाही बारच्या कोपऱ्यापेक्षा सोसायटीचं सभागृह सोयीचं पडेल. काळजी एकच, पण गंभीर: पोलादी टोक उसळून परत येतं. मुलं असतील तिथे प्लॅस्टिकच्या टोकाचे बाण वापरा, बोर्ड दारामागे टांगू नका, आणि एक जण फेकत असताना रेषेपुढे कुणीही जाता कामा नये. गुडघे दुखत असतील तर बसून खेळा, कमीपणा नाही.

काका परवा जिन्यात भेटले. "त्या दिवशी एकेरी सोळा लागला," ते म्हणाले, "आठचा डबल राहूनच गेला." सोसायटीच्या सभागृहाची किल्ली सेक्रेटरींकडे असते. काकांनी अर्ज दिला आहे, उत्तर अजून यायचं आहे.